चार बोटं केस

४ फेब्रुवारी, रवि.

मुलुंडहून आले. चहासुद्धा घेतला नाही. आईने विचारलं, "मंजू कशी आसा?" म्हटलं, बरी आहे. खोटं नाही ते. ती बरीच आहे. मीच काय ती...

लिहून टाकते.

मंजूने आज स्वयंपाकघरात माझ्यासमोर स्कार्फ सोडला. केमो संपल्यापासून पहिल्यांदा. खाली चार बोटं केस. कुरळे! कोरडे, तारेसारखे, कानामागे पांढरे. जिच्या केसांवर पेन ठेवलं तर घरंगळत खाली यायचं, तिचे. कुणीतरी माझ्या डोक्यावरून उचलून तिच्या डोक्यावर ठेवावेत इतके माझे.

 ओट्याला टेकून माझ्याकडे बघत उभी राहिली.

आणि मी म्हटलं, "या, या! आमच्या जमातीत स्वागत आहे. चाळीस वर्षं खुर्ची रिकामी ठेवली होती."

ती हसली. म्हणजे ओठ हलले. मग दूध उतू जाईल म्हणून वळली. गॅसवर दूध नव्हतंच. परत फिरली तेव्हा स्कार्फ डोक्यावर होता आणि गाठ मानेमागे नाही, हनुवटीखाली होती. घट्ट.

लिफ्टपर्यंत रेवा सोडायला आली. आपल्या आईसारखीच मोजकं बोलते पोरगी. म्हणाली, "मावशी, आईने अजून बाबांनासुद्धा दाखवले नाहीयेत. सकाळपासून म्हणत होती, ताई आली की दाखवते. तिला कळेल."

तिला कळेल.


५ फेब्रु., सोम.

कॉलम पाठवला. विषय : पार्किंग. संपादक खूश. पार्किंगवर लिहिलं की कुणी दुखावत नाही, सगळ्यांना वाटतं शेजाऱ्यावर लिहिलंय.

कालचं वाक्य. ते तोंडातून निसटलं असं मी रात्रभर स्वतःला समजावलं. निसटलं वगैरे काही नाही. मंजूचे केस कुरळे येतायत हे रेवाने आठवड्यापूर्वीच फोनवर सांगितलं होतं. वाक्य रिक्षात झालं, साकीनाक्याच्या सिग्नलला. आधी 'पाट रिकामा ठेवला होता' असं होतं. मग वाटलं, खुर्ची बरी.

म्हणजे शुद्धलेखन तपासून घेऊन गेले होते. लोक आजारी बहिणीकडे जाताना फळं नेतात.


७ फेब्रु., बुध.

आईला सांगितलं शेवटी, केस कुरळे आलेत म्हणून. माझं वाक्य नाही सांगितलं.  आई म्हणाली, "रेशमासारखे होते गो तिचे."

माहीत आहे. लहानपणापासून पाठ आहे. मंजूचे रेशीम आणि माझे सुंभ. वाकोल्याच्या चाळीत आई आम्हा दोघींना पायरीवर बसवायची. मंजूची वेणी घालताना गुणगुणायची, माझी घालताना दात-ओठ खायची. आलागेला म्हणायचा, "धाकटीचे केस काय सुंदर!" मग थोरलीकडे बघून, सभ्य माणूस असला तर, "हुशार दिसते."

हुशार झाले मी. दुसरा इलाज नव्हता.


१० फेब्रु., शनि.

मंजूला फोन. हवा, गॅस सिलिंडर, रेवाची नोकरी. मग विचारलं, "केसांना काय लावतेस गं?"

"काय लावणार? खोबरेल."

"कोरडे राहतात ना तरी?"

"राहतात."

शांतता. वरून विमान गेलं. आमच्याकडे फोनवर शांतता पडली की विमान तरी जातं, ही एक सोय आहे.

मग ती म्हणाली, "ताई, कॉलममध्ये घेऊ नकोस हं हे."

इतकी वर्षं 'आमची धाकटी' लिहितेय मी. धाकटीचे फुटलेले मोदक, धाकटीचं ड्रायव्हिंग, धाकटीच्या सासूबाई. तिने कधी हरकत घेतली नाही. निदान मला तरी तसं वाटत होतं. आज कळलं, हरकत होती, ती फक्त बोलून दाखवली नव्हती.

"शपथ," मी म्हटलं.

"बरं. ठेवते, कुकर झालाय."

त्या कुकरलाही शिट्टी नव्हती.

आता करायचं काय? माफी मागावी तर ती म्हणणार, "कशाची?" मंजू तशीच आहे. दार आपटत नाही, लोटून घेते. मग तुम्ही बाहेर उभे राहून विचार करत बसा, कडी आहे की नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे आहे, जी त्या घरात कुणाकडेच नाही : पन्नास वर्षांचं कुरळं डोकं. तेवढं तरी तिच्या कामी यावं.


११ फेब्रु., रवि.

पन्नास वर्षांचं डोकं, आणि माहिती शून्य. बसून आठवलं. तेल थापायचं, ओढायचे, पिळायचे, अंबाडा, सहा आकडे. मी केसांची निगा कधी राखलीच नाही, त्यांना अटकेत ठेवलं.

ठरवलं : बाजारात जे जे मिळतं ते आधी माझ्या डोक्यावर. जे चालेल तेवढंच मुलुंडला.

सांताक्रूझला मार्केटमधल्या मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी : "मॅडम, कर्ल कसे आहेत? लहरी, स्प्रिंगवाले की एकदम टाइट?"

"एकदम हट्टी."

हसली नाही. तिने एक बाटली पुढे केली. "ही घ्या ना. सल्फेट फ्री, सिलिकॉन फ्री, पॅराबेन फ्री."

"मग आत आहे काय?"

"मॉइश्चर, मॅडम," इतकं गंभीरपणे म्हणाली की मीच वरमले.

तीन घेतल्या. केस धुतल्यावर लावून तसंच ठेवायचं ते लीव्ह-इन, त्यावर कर्ल क्रीम, आणि आठवड्यातून एकदा थापायचा मास्क. मास्कच्या डबीचं झाकण सोनेरी. आमच्या लग्नाळू वयात असल्या डबीत अंगठी यायची म्हणे. मला अनुभव नाही. मला बघायला आलेल्यांना पाणी द्यायला मंजू बाहेर यायची.


१४ फेब्रु., बुध.

रेवाने व्हिडिओ पाठवले. एकात एक मुलगी सांगते, केस पाण्याच्या ग्लासात टाकून बघा. बुडला तर पाणी शोषणारा, तरंगला तर नाही. माझा तरंगला. दिवसभर तरंगत होता. संध्याकाळी चमच्याने खाली दाबला, परत वर.

लीव्ह-इन लावलं. सकाळी आरशात छान छल्ले. विश्वास बसेना. भाजीला जाईपर्यंत चिकट झाले, आणि वाकोला पुलाखालची सगळी धूळ घेऊन घरी आले. नोंद : प्रमाण फार झालं. वाटाण्याएवढं घ्या म्हणतात. आपल्या घरात वाटाणा मूठभर मोजतात.


१८ फेब्रु., रवि.

जवसाचं जेल. घरी केलं, व्हिडिओ बघून. जवस उकळायचं, बुळबुळीत झालं की जुन्या ओढणीतून पिळायचं. गार करून फ्रिजमध्ये ठेवलं. श्रीखंडाच्या डब्यात, दुसरं काय असतं घरात?

दुपारी आईने खाल्लं. दोन चमचे.

"ह्यां काय गो? चवच नाय. साखर घालूक विसरलंस?"

"आई, ते केसांचं आहे!"

"मगे डब्यार श्रीखंड कित्याक लिहिलंस?" आणि तिसरा चमचा ठेवून दिला. वर म्हणते, पोट साफ होईल.

उरलेलं लावलं. केस वाळले तेव्हा कडकडीत, खळ घातलेल्या घडीच्या साडीसारखे. मग व्हिडिओत सांगतात तसे ओंजळीत धरून चुरगाळले आणि काय सांगू... मऊ झाले. गोल, वेगवेगळे, मऊ. माझ्याच बोटांत माझे केस आले आणि बोटं अडकली नाहीत. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

वाईटच वाटलं जरा. इतकं सोपं होतं.


२१ फेब्रु., बुध.

आईचा उपाय : नारळाचा रस. घट्ट, पहिला. तिने स्वतः वाटून, पिळून दिला, गुडघे दुखत असताना. "गावाक लावीत सगळी." मग मला का नाही लावला कधी, हे विचारलं नाही.

लावला. केस खरंच पाणी प्यायल्यासारखे झाले. पण दिवसभर डोक्याला बांगड्याच्या आमटीचा वास. शेजारच्या फर्नांडिस काकी दार उघडून म्हणाल्या, "काय बनवलं गो आज? मस्त वास येतो."

"मी," म्हटलं.


२५ फेब्रु., रवि.

मुलुंड. तीन वस्तू नेल्या : लीव्ह-इन आणि मास्क (तिच्यासाठी नवे, सीलबंद), ताजं जेल (काचेच्या बरणीत, चिठ्ठी चिकटवून). रिक्षात एकही वाक्य केलं नाही. घाटकोपरला एक आपोआप व्हायला लागलं, ते मोडलं.

मंजूने दार उघडलं. स्कार्फ.

"ठेव तिथे," म्हणाली. चहा दिला. मी आरोग्यसेविकेसारखी सांगत सुटले : केस ओलेच असू देत, बोटांनी लाव, कंगवा नको, टॉवेलने खसाखसा पुसू नकोस, जुना सुती टी-शर्ट घे, तो गुंडाळ. ती ऐकत होती. विमावाल्याचं ऐकतात तशी. मध्येमध्ये मान.

मग म्हणाली, "तुला चाललं हे सगळं?"

"चाललं म्हणजे? गं, झकास झालेत केस माझे!"

"मग अंबाडा का घातलायस?"

हात डोक्याकडे गेला. अंबाडा. सहाच्या सहा आकडे. सकाळी जेल लावून, चुरगाळून, सगळे सोपस्कार करून, बाहेर पडताना आपसूक बांधून टाकला होता. आरशात बघितलंही नव्हतं.

काही सुचलं नाही. मला! ती कप उचलून आत गेली.


३ मार्च, रवि.

भाजीवाल्यापाशी एक वाचक भेटल्या. "ताई, तुमच्या धाकटीचं बरेच दिवस काही नाही? आम्ही आधी तेच वाचतो." म्हटलं, ती बिझी आहे. "लिहा ना, फार हसतो आम्ही तिला."

तिला. मला वाटायचं माझ्या लिहिण्याला हसतात.


१० मार्च, रवि.

रेवाचा साखरपुडा ठरला. पाडव्याला, मुलुंडलाच, छोट्या हॉलमध्ये. मुलगा तिच्या ऑफिसातला. फोनवर मंजूचा आवाज किती महिन्यांनी मोकळा होता. मग मी साडीचं विचारलं, आणि आवाज परत आत गेला.

नंतर रेवाने वेगळा फोन केला. बाटल्या न्हाणीघरात तशाच आहेत, सील न फोडता. जेल आठवड्याने टाकून दिलं. मंजूने अंधेरीहून केसांचा टोप आणला, घालून बघितला, म्हणाली, "मी बातम्या द्यायला बसल्यासारखी दिसते," आणि काढून ठेवला. पार्लरमध्ये केस सरळ करून मिळतील का विचारून आली. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात केमिकल नको. आता म्हणते, स्कार्फच बांधीन, व्याह्यांना काय वाटायचं ते वाटो.

"मावशी, फोटोत आयुष्यभर स्कार्फ राहील गं. तिला बरं वाटेल असं काहीतरी कर ना. तिने तुलाच दाखवले होते."

भूतकाळ. पोरीने मुद्दाम वापरला नसेल.


१६ मार्च, शनि.

सापडलं! आईलाच सुचलं. जेवताना घास थांबवून म्हणाली, "गंगावन!"

मंजूच्या कंगव्यात निघालेले केस आई वर्षानुवर्षं साठवायची, गुंडाळी करून, खुंटीवरच्या पिशवीत. चाळीतल्या एका म्हातारीकडून त्यांचं गंगावन करून घेतलं होतं, मंजूच्या लग्नात वेणी आणखी लांब दिसावी म्हणून. मंजूला त्याची गरज पडली नाही. वेणी तशीच कमरेखाली होती. (माझ्या कंगव्यातले केस आई दारावर येणाऱ्या केसवालीला द्यायची. त्यावर पिना मिळायच्या. त्याच पिना माझ्या डोक्यात. असं चक्र.)

माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात, मलमलीत गुंडाळलेलं. दोन हात लांब. काळंभोर. जरा राठ झालेलं, पण सरळ. मंजू एकविसाची असतानाचे केस. आई ते मांडीवर घेऊन बसली. मग दोघीही उगाच हसायला लागलो.

तिचे स्वतःचे केस! टोप नाही, काही नाही. पाडव्याला तिचेच केस तिच्या पाठीवर.


१७ मार्च, रवि.

गंगावन धुतलं. आधी रिठ्याने, आईच्या देखरेखीखाली. "दामटवू नको गो, हळू!" मग माझी प्रयोगशाळा कामी आली : मास्क, अर्धा तास. मग लीव्ह-इन, वाटाण्याएवढं, खरोखरच्या वाटाण्याएवढं. सगळ्यात महागडं क्रीम शेवटी सगळ्यात मेलेल्या केसांना लागलं.

बाल्कनीत दोरीला टांगलं वाळायला. काकींनी विचारलं, "शेपूट कसली गो ती?" आई म्हणाली, "माझ्या चेडवाचे केस ते!" असं, की मंजू परीक्षेत पहिली आलीय.

संध्याकाळपर्यंत रेशीम. आई त्यावरून हात फिरवत होती. जुनं काहीतरी गुणगुणत होती, ते मला ओळखू आलं. वेणी घालतानाचं.

बरं वाटतंय. खूप दिवसांनी. यावेळी बोलायला लागणारच नाही, नुसता डबा पुढे करायचा.


२४ मार्च, रवि. होळी

दोघी गेलो. आईने हट्टाने गुडघ्याला पट्टा बांधून. डबा मांडीवर.

मंजू आईला बघून खूश. सोफ्यावर तिच्या शेजारी बसली. आईने डबा उघडला. "वळखलंस?"

मंजूने ते हातात घेतलं. बोटांतून सोडलं. वास घेतला. मी नजर चोरून बघत होते, आणि तिचा चेहरा खरंच उजळला, खोटं नाही लिहीत, क्षणभर ती एकविसाची झाली. "हे अजून आहे? आई! केवढं मऊ..."

"ताईन धुतला," आई म्हणाली. "ते महाग क्रीम लावून."

मंजूने माझ्याकडे बघितलं. महिना-दीड महिन्यात तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "पाडव्याला घाल. तुझेच आहेत."

"घालू?"

"मग!"

ती दोन्ही हातांनी ते मानेशी घेऊन गेली. आणि थांबली. हात तसेच.

"ताई," म्हणाली, "बांधू कशाला?"

आम्हाला दोघींना कळेना.

"गंगावन वेणीत गुंफतात ना? वेणी लागते त्याला. कशात गुंफू?"

चार बोटं केस. गंगावनाला धरायला आपले केस लागतात. एवढी साधी गोष्ट. जन्मभर वेण्या घातलेली आई आणि जन्मभर आकडे खोचलेली मी. शोधलं, धुतलं, वाळवलं, डब्यात घातलं, मुलुंडला आणलं, आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. कारण आमच्या डोळ्यांसमोर ती चार बोटं नव्हतीच. आमच्या डोळ्यांसमोर कमरेखालची वेणी होती.

मंजूने ते खाली घेतलं, घडी केलं, मलमलीत गुंडाळलं. चिडली नाही. चिडली असती तर बरं. "तुम्हाला अजून तीच मंजू पाहिजे ना?" म्हणाली. "मलाही पाहिजे होती. पण ती नाही येत, आई. ही आलीय."

आई रडायला लागली. मंजूनेच तिला पाणी दिलं. मग माझ्याकडे न बघता, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझं बघ. जळल्यावर पीळ आला."

वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं. तेही सांगावंसं वाटलं मला, त्याही वेळी. काय माणूस आहे मी.

खाली सोसायटीत होळी रचत होते, पोरांची बोंबाबोंब चाललेली. रिक्षात घाटकोपरला आईने गुडघ्याचा पट्टा सैल केला. डबा परत मांडीवर. मग बाहेर बघत म्हणाली, "तुझे केस कधी मी अशे धुवूक नाय."

"जाऊ दे गं."

"नाय. धुवूक नाय."


२८ मार्च, गुरु.

न लिहिता राहवेना. सगळं लिहिलं : दुकानातली मुलगी, ग्लासातला तरंगणारा केस, आईने खाल्लेलं जेल, बांगड्याची आमटी, दोरीवरची शेपूट. एका बैठकीत. दोन-तीन वर्षांत इतकं जमून आलेलं नाही काही. वाचताना स्वतःच हसले.

म्हणूनच पाठवलं नाही. उडवून टाकलं. संपादकाला पुन्हा पार्किंग दिलं. तो म्हणाला, "ताई, थकलात का?"


२ एप्रिल, मंगळ.

एक गोष्ट सारखी मनात येते. तिने त्या दिवशी ओट्याला टेकून स्कार्फ सोडला, तेव्हा तिला काय पाहिजे होतं? मलम नाही. बाटली नाही. चांगले दिसतात, हेसुद्धा नाही; मंजूला खोटं चालत नाही. मी नुसता हात लावून बघायला हवा होता. 'कोरडे आहेत गं. माझेही असेच.' एवढंच. जगात हे तिला फक्त मी म्हणू शकत होते.

आणि खुर्ची वगैरे काय... मी स्वतः तरी कधी बसले होते त्या खुर्चीवर? अंबाड्यात लपून बसले होते.


९ एप्रिल, मंगळ. पाडवा

पहाटे केस धुतले. लीव्ह-इन, जेल, टी-शर्टात गुंडाळणं, चुरगाळणं. साडी नेसले. हात सवयीने आकड्यांकडे गेला. आकडे कपाटात टाकले आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली आईकडे.

"अशी जातलंस?"

"अशीच."

आईने गुढीला नमस्कार केला. बहुतेक माझ्यासाठी.

रिक्षाच्या वाऱ्याने विक्रोळीपर्यंत निम्मे छल्ले उधळले. हॉलच्या काचेत बघितलं : अडगळीतून आत्ताच बाहेर काढलेली बाई. व्याह्यांपैकी एक काकू हळूच म्हणाल्या, "बरं नाही का तुम्हाला?" नातलगांतले एक महाशय, "काय लेखिका, नवीन अवतार?" उत्तर जिभेवर आलं, गिळलं. कडू होतं.

मंजू दारात हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी. मोरपंखी साडी, त्याच रंगाचा रेशमी स्कार्फ, गाठ मानेमागे. छान दिसत होती, बारीक पण छान. तिने मला कुंकू लावलं. डोक्याकडे बघितलं. बराच वेळ. मागची माणसं खोळंबली. 

रेवाला अंगठी घातली. फोटो झाले. सगळ्या फोटोंत स्कार्फ आहे आणि सगळ्या फोटोंत मागे कुठेतरी माझं जंगल.

जेवणानंतर पेढे वाटत ती माझ्या खुर्चीमागे आली. मला कळलं नाही. एकदम मानेपाशी बोटं.

"मागून चपटे झालेत," म्हणाली. "रिक्षात टेकलीस."

आणि दोन वेळा खालून वर उचलले. मोकळे केल्यासारखे. मग पुढच्या पंगतीकडे गेली.

तीन उत्तरं तयार होती माझ्याकडे. तिन्ही चांगली. तोंडात पेढा होता म्हणून वाचले.


१३ एप्रिल, शनि.

मंजूचा फोन. तिने आपणहून.

"उद्या रिकामी आहेस?"

"आहे."

"ते तुझं... आधी क्रीम की आधी जेल?"

"अगं सोपं आहे, आधी..."

"फोनवर नको. ये तू." मग जरा थांबून, "पण ताई, आल्यावर काही बोलू नकोस. काहीच नाही. हात चालव नुसते."

"बरं."

"बरंसुद्धा नको."

ठेवला. कुकर नव्हता यावेळी, कुठलंच कारण नव्हतं.

स्कार्फ सोडेल की नुसतं विचारून घेईल, मला माहीत नाही. विचारलं नाही. ताजं जेल करून बरणीत भरलं. जुना टी-शर्ट पिशवीत.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तू गप रवतलंस? मगे मी पण येतंय बघूक." मग स्वतःच, "नको. तू एकटीच जा."

आत्ता आरशासमोर बसून सराव केला. समोर मंजू आहे असं धरून, हात हलवायचे आणि बोलायचं नाही. दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा वरून विमान आलं, ते जाईपर्यंत जमलं.